कुमुदिनीचा तिसरा भाग

नरोत्तमराव सावे यांना सख्ख्या भावाच्या बढतीचा कधी हेवा वाटला नाही. शेजारच्या तात्या केण्यांच्या आंब्याला आपल्यापेक्षा दुप्पट मोहोर आला, तोही त्यांनी हसतमुखाने पाहिला. माणूस तसा दिलदार. पण एखादी प्रेमाची कादंबरी आपल्याआधी दुसऱ्या कुणी वाचली आहे, एवढं नुसतं कळलं की त्यांच्या छातीत जे पेटायचं, ते विझवायला भाईंदरची अख्खी खाडी पुरली नसती.

नरोत्तमराव एका मिठागरावर कारकून होते. वय शेहेचाळीस, मिशा भरघोस, आणि आवाज असा की ऐकल्याबरोबर मजुरांच्या हातातल्या टोपल्या खाली यायच्या. या माणसाच्या कोटाच्या आतल्या खिशात बारमाही एक प्रेमकथा असते, हे गावात दोघांनाच ठाऊक होतं: त्यांच्या बायकोला, म्हणजे मनूताईंना, आणि धोब्याला. अकराव्या वर्षी मामाच्या ट्रंकेत पहिली कादंबरी सापडली आणि तेव्हापासून हे व्यसन लागलं ते लागलंच. स्वतःच्या लग्नात अंतरपाटाच्या अलीकडे उभे होते तेव्हासुद्धा कमरेला उपरण्यात एक कादंबरी खोचलेली होती, कारण मंगलाष्टकं सुरू झाली त्या घटकेला नायिका नेमकी विहिरीच्या काठावर पोचली होती. मनूताई हे चोवीस वर्षांत विसरल्या नव्हत्या. "माझ्याआधी दुसरीच होती तुमच्या कमरेला," असं त्या अजून म्हणत, आणि ती नुसती थट्टा नसे.

आवडीनिवडीच्या बाबतीत नरोत्तमराव कडक होते. नायिकेचे डोळे मोठे चालतील, पण तिने उठसूट गायला बसता कामा नये. नायक गरीब असावा, मात्र शिकलेला असावा. विरह शंभर पानांपेक्षा कमी असेल तर ती कादंबरी नव्हे, नुसतं पत्रक. एक तरी पत्र भलत्याच्या हाती पडलं पाहिजे. खलनायक शेवटी सुधारला की त्यांना लेखकाचा राग यायचा, आणि शेवट लग्नाने झाला नाही तर दोन दिवस जेवण जायचं नाही. मनूताई तेव्हा फक्त विचारत, "मेली का?" आणि भात कमी लावत.

आता या सुखी माणसाच्या आयुष्यात विघ्न कुठून आलं ते सांगायला हवं.

भाईंदरच्या बाजारात लीलाधरशेठचं दुकान होतं. डावीकडे साबण, उजवीकडे सुतळी आणि मध्ये एका कपाटात मराठी कादंबऱ्या. शेठ मुंबईहून नवी कादंबरी आणत आणि वाचायला घरी देत. त्या काळी पुस्तकं यायची ती घडीची पानं न कापता. छापलेला मोठा कागद घडी घालून शिवलेला, कडा जोडलेल्या. पहिल्या वाचकाने सुरी घ्यायची, एकेक घडी कापायची आणि मग वाचायचं. ज्याने हे केलेलं नाही त्याला त्यातलं सुख कळायचं नाही. त्या पानांवर तोवर कुणाची नजर पडलेली नसते. नरोत्तमरावांच्या मते हा जगातला सर्वांत मोठा मान होता आणि तो त्यांना पाच वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

कारण पास्कल मास्तर डिमेलो. उत्तनच्या शाळेत मास्तर, सडपातळ, गळ्यात क्रूस, बोलणं हळू. शनिवारी शाळा अर्धा दिवस, त्यामुळे मास्तर दुपारच्या बैलगाडीने बाजारात हजर. नरोत्तमराव मिठागरावरून सुटायचे पाचला. ते दुकानात पोचेपर्यंत कादंबरी उत्तनच्या वाटेला लागलेली असायची आणि पुढच्या शनिवारी परत यायची ती कापून. कापलेलीही कशी? कड अगदी सरळ, एक तूस बाहेर नाही. त्या कडेवरून बोट फिरवताना नरोत्तमरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फाडून कापली असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती!

"सावेबाबू, स्टोरी तो एज छे ने?" लीलाधरशेठ समजावत. "मास्तर वाचे के तमे वाचो, लगन तो एज छोकरी साथे थवानुं."

कुणीही आधी वाचली तरी गोष्ट तीच, असं म्हणणाऱ्या या माणसाला काय सांगायचं? वाण्याला तांदूळ आणि अक्षता यांतला फरक समजावण्यासारखं ते होतं.

त्यातून आली 'कुमुदिनीची शपथ'. तीन भागांची कादंबरी. दुसऱ्या भागाच्या शेवटी कुमुदिनी मांडवात उभी. समोर पाटावर खलनायक रावसाहेब. तिचा जयवंत दूर कलकत्त्याला. तिच्या आजारी बापाला औषध द्यायला येणारा अबोल सदानंद वैद्य खांबापाशी उभा. कुमुदिनीने माळ उचलली, तार घेऊन शिपाई मांडवात शिरला, आणि दुसरा भाग संपला. त्याला चौदा महिने झाले होते. चौदा महिने नरोत्तमराव त्या मांडवात अडकून पडले होते. मिठाची वजनं लिहिता लिहिता मध्येच थांबून ते विचार करत, तारेत काय असेल?

तिसरा भाग दिवाळीच्या सुमारास निघणार अशी जाहिरात सन सदतीसच्या वैशाखात वाचली, आणि नरोत्तमरावांनी मनाशी पक्कं केलं: कुमुदिनीचा तिसरा भाग मी कापणार. त्या मास्तरड्याच्या हाती लागू देणार नाही.

साधा मार्ग म्हणजे टपालाने स्वतःच मागवायचा. पण मनूताईंनी घरात नवी कादंबरी आणायला बंदी केली होती. जुन्यांनीच दोन फडताळं आणि एक पाळणा भरला होता. तेव्हा नरोत्तमरावांच्या डोक्यात एक युक्ती आली. गावात सार्वजनिक वाचनालय काढायचं, आपण चिटणीस व्हायचं. पार्सल चिटणिसाच्या नावाने येणार. चिटणिसाने ते फोडणं हे तर कर्तव्यच! लोकसेवेची लोकसेवा आणि वर कुमुदिनी.

हे त्यांनी तात्या केण्यांना सांगितलं आणि इथेच घोटाळा झाला. तात्या ठाण्याच्या कोर्टात बेलिफ होते, निवृत्त झाल्यापासून सल्ला हाच त्यांचा जोडधंदा होता. त्यांनी सांगितलं, आधी नाव ठरवा. नावावरून तीन सभा झाल्या. एका पक्षाला देवीचं नाव हवं होतं, दुसऱ्याला पुढाऱ्याचं. तात्यांना स्वतःच्या वडिलांचं हवं होतं, पण ते सरळ म्हणत नव्हते, नुसतं "कै." या अक्षराने सुरू होणारं काहीतरी असावं, एवढं सुचवत राहिले. शेवटी 'सार्वजनिक वाचनालय' एवढंच राहिलं. मग जागा. लीलाधरशेठ अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपलं रिकामं मिठाचं कोठार देऊ केलं.

मिठाच्या कोठारात पुस्तकं ठेवू नयेत, हे मिठागरावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं का? नव्हतं. सभेला बसलेल्या अकरा जणांपैकी नऊ जण मिठावर जगणारे. दमट हवेत कोठाराच्या भिंती कशा पाझरतात हे त्यांच्या बायकासुद्धा जाणत होत्या. पण भाईंदरात रिकामी जागा म्हटली की माणसाच्या तोंडून कोठारच निघतं. ज्येष्ठात लोकांकडून जमवलेली पुस्तकं मांडली. श्रावण येईपर्यंत एकेक कादंबरी पुरीसारखी टम्म फुगली.

तशात सरकारी तपासनीस आले. मिठाच्या सत्याग्रहाला सात वर्षं होऊन गेली होती, तरी मिठाच्या कोठारात रोज संध्याकाळी पाच-सात माणसं जमतात म्हटल्यावर चौकशी होणारच. तपासनीस कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. त्यांनी एक पुस्तक उचललं, पानावर बोट ओलं करून फिरवलं आणि जिभेला लावलं. मग दुसरं. मग तिसरं. नरोत्तमराव घामाघूम होऊन उभे. पंचनाम्यात लिहिलं गेलं ते असं: 'कोठारात मीठ नाही. कादंबऱ्या चौसष्ट. पैकी चाखल्या पाच. पाचही खारट.' मिठाच्या कोठारात मिठाखेरीज दुसरं काही ठेवायला परवानगी नाही, आणि परवानगीवाचून मीठ दुसऱ्या कशात ठेवायलाही नाही, अशी दुहेरी हरकत निघाली. सबब वाचनालय तीन दिवसांत हलवा.

ते हललं ते नरोत्तमरावांच्या ओटीवर. दुसरी जागाच नव्हती. फुगलेल्या चौसष्ट कादंबऱ्या उन्हात वाळत पडल्या आणि मनूताईंचे पापड आत माजघरात गेले. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला आठ माणसं ओटीवर बसत आणि पाणी मागत. मनूताई एकदाच बोलल्या. "घरात एक पुस्तक आणू नका म्हटलं होतं. तुम्ही वाचनालयच आणलंत."

नरोत्तमरावांनी सगळं गिळलं. दिवाळी जवळ येत होती.

आणि दिवाळीच्या दहा दिवस आधी सभेत तात्या केणी उभे राहिले. म्हणाले, वाचनालयात येणारी पुस्तकं नीतीला धरून आहेत की नाहीत, हे कोण बघतं? कादंबऱ्यांनी मुली बिघडतात. तात्यांनी जन्मात एकही कादंबरी वाचली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत अगदी ठाम होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं असं की प्रत्येक नवं पुस्तक आधी एका परीक्षकाने वाचावं आणि 'पसंत' असा शेरा द्यावा. तोवर कुणीही त्याचं पान कापू नये.

"मी वाचत जाईन," नरोत्तमराव घाईघाईने म्हणाले. "चिटणीस म्हणून माझं कामच आहे ते."

"तुम्ही?" तात्या हसले. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! धोबी मला सगळं सांगतो हो, सावे." सभेत खसखस पिकली. तात्या पुढे बोलू लागले. "परीक्षक कसा हवा? धार्मिक. मुलांना वळण लावणारा. ज्याच्याबद्दल कुणाच्या मनात शंका येणार नाही असा."

लीलाधरशेठनी हात वर केला. "उत्तनवाला पास्कल मास्तर!"

एकमताने मंजूर. एक मत नरोत्तमरावांचंही धरण्यात आलं, कारण ठरावाच्या वहीत लिहायचं काम त्यांचंच होतं. 'सर्व नव्या कादंबऱ्या प्रथम श्री. पास्कल डिमेलो यांनी वाचाव्यात,' हे वाक्य त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं. आजवर मास्तर आधी वाचायचा तो शनिवारच्या अर्ध्या सुट्टीमुळे. आता तो आधी वाचणार होता ठरावाने. सहा महिने खपून, ओटी देऊन, बायकोचे बोल खाऊन त्यांनी काय मिळवलं, तर आपल्या वैऱ्याला कायमचा पहिला मान. आणि पुस्तक परीक्षकाच्या हाती नेऊन कुणी द्यायचं? तेही ठरावात होतं. चिटणिसाने, जातीने.

तिसरा भाग शुक्रवारी आला. शनिवारी अर्धी रजा टाकून नरोत्तमराव जानूच्या बैलगाडीत बसले. मांडीवर कुमुदिनी. निळं वेष्टन, नव्या शाईचा वास, सगळ्या कडा जोडलेल्या. मुर्धा गाव येईपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एकदा नुसतं उघडलं.

न कापलेल्या पुस्तकाची गंमत अशी की सगळंच काही बंद नसतं. दोन पानं उघडी दिसतात, पुढची दोन घडीच्या पोटात. म्हणजे निम्मी कादंबरी वाचता येते. घडीत डोळा घालून बघितलं तर आणखी चार-दोन ओळीही लागतात. पान कापायचं नाही असा ठराव होता. बघायचं नाही असा कुठे होता?

राई, मोर्वा... गाडी धक्के खात चालली आणि नरोत्तमराव निम्मी कादंबरी खात चालले. तार कुणाची, ते घडीच्या आत होतं. रावसाहेब मांडवातून पळाला, पण का, ते घडीच्या आत. आणि डोंगरीच्या चढावर दोनशे तेरावं पान आलं. त्याच्या तळाशी लिहिलं होतं: 'कुमुदिनीचा निष्प्राण देह जयवंताच्या हातांवर विसावला होता. तो टाहो फोडून...' पुढची दोन पानं बंद.

खरं सांगायचं तर नरोत्तमरावांना वाईट वाटायला हवं होतं. वीस महिने ज्या मुलीची काळजी वाहिली ती गेली! पण त्या क्षणी त्यांच्या मनात आलं ते एवढंच: हे मला कळलं आहे आणि मास्तरला अजून कळलेलं नाही.

पास्कल मास्तर दारातच उभे होते, मागे त्यांची बायको. अंगात धुतलेला सदरा. पडवीत समुद्राकडे तोंड करून खुर्ची मांडलेली. शेजारी चौरंगावर पाण्याचा तांब्या आणि माशाच्या हाडाची घासून केलेली पातळ सुरी.

"या, या सावेबाबू. बेट्टी, पोरांना मागल्या दारी घेऊन जा. हात दोनदा धुतलेत मी, मासळीचा वास नको पानाला." मास्तरांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. त्यांचा चेहरा पाहून नरोत्तमरावांना चरचरलं. हा चेहरा ते ओळखत होते. तो त्यांचाच होता. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की असं प्रेम कादंबरीवर आपण एकटेच करतो.

मास्तरांनी सुरी उचलली. "तुमाला सांगू? पाच वर्सं मी एकेक कड अशी सरळ कापतो. म्हटलं, माझ्या मागनं सावेबाबू वाचनार. त्यांच्या बोटाला तूस लागाया नको."

उष्टं ताट वाढायचं आणि वर भोवती रांगोळी काढली म्हणून सांगायचं! नरोत्तमरावांच्या मस्तकात तिडीक गेली.

"कापा, मास्तर, कापा," ते म्हणाले. "पण कुमुदिनी मरते."

सुरी थांबली. "काय?"

"दोनशे तेरावं पान. निष्प्राण देह. परीक्षकांना आधी कल्पना असावी म्हणून सांगितलं."

"कशानं गेली?"

"ते... घडीच्या आत आहे."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. मग त्यांनी पुस्तक मिटलं, पहिल्या पानावर पेन्सिलीने 'पसंत. पा. डिमेलो' असं लिहिलं आणि ते नरोत्तमरावांच्या हाती दिलं. "मी न्हाय वाचनार. दोन भाग सांभाळली मी तिला. मरताना कशाला बगू? तुमी वाचा. ही सुरी पन न्या, वाकडं कापू नका."

नरोत्तमराव जिंकले होते. पाच वर्षांनी पुस्तक त्यांचं, सुरी त्यांची, पानं कोरी आणि शेरा मिळालेला. गाडी डोंगरी उतरायच्या आत त्यांनी पहिली घडी कापली. मोर्व्याला दोनशे चौदावं पान आलं: 'टाहो फोडून जयवंत दचकून उठला. ते एक भयंकर स्वप्न होते!'

"जिवंत आहे!" नरोत्तमराव ओरडले.

जानूने कासरा खेचला. "कोन? कोन व्हता रस्त्यात?"

आता सांगायचं कुणाला? जानूला? मनूताईंना? तात्यांना? भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या पट्ट्यात ही बातमी ऐकून ज्याने आनंदाने उडी मारली असती असा एकच माणूस होता, आणि त्याला ते मागे पडवीत रडवून आले होते. नरोत्तमराव वाचत राहिले. तारेचं कोडं सुटलं. विरह उत्तम होता. पत्र भलत्याच्या हाती पडत होतं. पण घासागणिक खडा लागावा तसं झालं होतं. शेवटची सोळा पानं राहिली तेव्हा त्यांनी सुरी लावली आणि हात आखडला. लाज वाटली. सरळ, साधी, शेहेचाळिसाव्या वर्षी वाटू नये अशी लाज वाटली. शेवटची घडी तशीच ठेवून ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, पुन्हा जानूच्या गाडीत बसले.

उत्तनला मास्तरांच्या घराला कुलूप होतं. सगळं गाव देवळात. नरोत्तमराव चर्चच्या दाराशी जाऊन उभे राहिले. उशिरा आलेली लूर्डसबाई, जी बाजारात त्यांच्याच दारावरून बोंबील विकायला जायची, लगबगीने शिरता शिरता थांबली. तिने त्यांचा हात धरला. "लई वाईट झाला, बाबू. मास्तर काल जेवला न्हाय. बोलला, सावेबाबू बातमी घेऊन आला, कुमुदिनी गेली. त्याने मिस्सा सांगितली हाय तिच्या नावाने."

"मिस्सा?"

"आत्म्यासाठी. आज सगळा गाव तिच्यासाठी मागतोय देवाकडे." लूर्डसबाईने पदराने डोळे टिपले. "वय काय व्हता?"

"एकोणीस," नरोत्तमराव म्हणाले. खोटं कसं बोलणार?

"लगीन?"

"ठरत होतं."

"देवा!" लूर्डसबाईने छातीवर क्रूस केला आणि ती आत गेली.

आत फादर काहीतरी म्हणाले, त्यात 'कुमुदिनी' हे नाव स्पष्ट ऐकू आलं आणि तीनशे माणसं गुडघ्यांवर बसली. खलाशी, जाळी विणणारे म्हातारे, लेकुरवाळ्या बाया. पहिल्या रांगेत पास्कल मास्तर, मान खाली, खांदे हलत होते. काखेत कुमुदिनीचा तिसरा भाग घेऊन नरोत्तमराव दाराशी उभे होते. तेव्हाही, त्या शरमेच्या पोटातसुद्धा, त्यांच्या काळजाला एक कळ गेलीच. ती मेली असं वाचल्यावर आपल्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. या माणसाने तिच्यासाठी गाव गुडघ्यांवर आणलं. कोण जास्त प्रेम करत होतं, हे आता निराळं सांगायला नको होतं.

मिस्सा संपली. लोक बाहेर आले ते सरळ त्यांच्याकडे. कुणी हात दाबला, कुणी पाठीवर थोपटलं. गर्दीतून मास्तर पुढे आले तेव्हा नरोत्तमरावांना राहवलं नाही.

"मास्तर, ती जिवंत आहे! स्वप्न होतं ते. जयवंताला पडलेलं. मी अर्धंच वाचलं होतं. मला माफ करा, मी जळफळाटाने बोललो."

"मिस्सा झाली नि बाई उठली!" लूर्डसबाई किंचाळली. दोघी-तिघी तिथेच पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. फादरना पुढे यावं लागलं. कुमुदिनी कोण, कुठली, हे त्यांना समजावून सांगता सांगता नरोत्तमरावांच्या मिशा घामाने भिजल्या. फादरनी पुस्तक हातात घेतलं, वेष्टनावरची मोठ्या डोळ्यांची बाई पाहिली, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चपला बघत होते.

"मिस्सा वाया जात नाही," फादर शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. पास्कल, तू मला संध्याकाळी भेट."

मास्तर मात्र खूश होण्याऐवजी नरोत्तमरावांवर उसळले. पाच वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज चढला. "काल मारलीत तिला! आज जिवंत केलीत! मला वाचायला काय ठेवलात हो?"

"शेवटची सोळा पानं," नरोत्तमराव सुरी पुढे करत म्हणाले. "कापलेली नाहीत. लग्न कोणाशी होतं, ते मलाही माहीत नाही. शपथ."

मास्तरांनी घडीवरून बोट फिरवलं. कड खरोखर जोडलेली होती. त्यांचा चेहरा निवळला. "चला घरी," ते म्हणाले. "मी कापतो, दोगं वाचू."

"घरी कशाला?" लूर्डसबाईने वाट अडवली. "तिच्यासाठी आमी गुडघे दुखवलेत. आमाला पन कळू दे तिचा काय झाला ते."

तिला इतका पाठिंबा मिळाला की काही इलाज उरला नाही. चर्चच्या पायऱ्यांवर मास्तरांनी घडी कापली, सरळ, एक तूस बाहेर नाही, आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पायरीवर, ओट्यावर, उलट्या टोपल्यांवर माणसं बसली. ज्या पानांवर कुणाची नजर पडली नव्हती, त्यांवर एकदम अर्ध्या गावाचे कान पडले. नरोत्तमरावांचा जीव तुटत होता. तिसऱ्या पानावर मास्तर डोळे पुसायला थांबले, तेव्हा पुस्तक नरोत्तमरावांनी घेतलं. पाचव्या पानावर त्यांनाही थांबावं लागलं. पुन्हा मास्तर. जयवंत कलकत्त्याहून आला होता. त्याने दीड पानभर भाषण केलं. सदानंद वैद्य नेहमीसारखा औषधाची पुडी ठेवून निघाला होता.

"ती याला करनार," लूर्डसबाई म्हणाली.

"कोणाला?" नरोत्तमरावांनी विचारलं.

"पुडीवाल्याला."

नरोत्तमराव कीव आल्यासारखे हसले. "बाई, नायक जयवंत आहे. तुम्ही पहिले दोन भाग ऐकलेले नाहीत. पस्तीस वर्षं मी हेच वाचत आलोय. असं कधी होत नाही."

"मी न्हाय वाचला काय," लूर्डसबाई म्हणाली. "पन माझा नवरा दर्यावर गेला की मी काठावर बसायची. लाटा कितीबी बोलू देत. जो न बोलता थांबतो ना, बाबू, त्याचाच घर होतो."

मास्तरांनी वाचणं थांबवलं नव्हतं. दोन पानांनी कुमुदिनी उठली, जयवंताला नमस्कार केला आणि दारातून बाहेर पडणाऱ्या सदानंदाला हाक मारली. पायऱ्यांवर एकच गलका झाला. मास्तर रडत होते, बेट्टी हसत होती, फादर मागच्या खिडकीतून ऐकत होते ते सापडले. शेवट लग्नाने झाला होता, विरह शंभर पानांहून जास्त होता, खलनायक सुधारला नव्हता. नरोत्तमरावांनी आजवर वाचलेल्यांतली ही सर्वांत चांगली कादंबरी होती, आणि तसं त्यांनी मास्तरांना मिठी मारून सांगितलंही.

परतताना मास्तर वेशीपर्यंत पोचवायला आले. पुढचं पुस्तक कुणी आधी कापायचं यावर दोघांनी बरीच भांडणं केली आणि पाळीपाळीने कापायचं ठरलं. पहिली पाळी नरोत्तमरावांची. एवढं सगळं मनासारखं होऊनसुद्धा ते गाडीत गप्प बसून होते. जानूने डोंगरीला विचारलं, राईला विचारलं, काय झालं म्हणून. शेवटी मुर्ध्याला ते एकदाचे बोलले.

"जानू, त्या लूर्डसबाईला अक्षरओळख नाही रे. सोळाच पानं ऐकली तिने. आणि माझ्याआधी ओळखलंन."